भुताखेतांच्या मागचा खरा इतिहास दाखवणारी एक दिवसाची टूर, कोल्हापूर (५ पैकी ३.५)

आधी निकाल सांगून टाकतो म्हणजे घाईतली मंडळी सुटली. सकाळचं कसबा बीड पाचात पाच, रात्रीचं व्हॅम्पायरवालं सेशन पण पाचात पाच, दुपारचा भाग जेमतेम दोन, आणि जेवणाला मार्क द्यायला बसलो तर भांडण होईल म्हणून सोडून देतो. आयोजकांचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण खाली जेवणावरनं आणि माईकवरनं बरंच बोललोय आणि पोरं तशी मनापासून करतायत, इतिहास घेऊन नुकतीच कॉलेजातनं बाहेर पडलेली चार-पाच पोरं-पोरी आहेत, चौकशी केलीत तर सांगणारं कुणीतरी भेटेलच.

माणशी ७०० रुपये. सकाळी ८ ला दसरा चौकातनं दोन मिनीबस सुटतात, पहिल्यांदा कसबा बीड, दुपारी टाऊन हॉल म्युझियम आणि टेंबलाईची टेकडी, संध्याकाळी शिवाजी पेठेतल्या एका जुन्या वाड्याच्या सोप्यात पडदा लावून स्लाइड शो. विषय असा की भूत, राक्षस, वेताळ, ड्रॅगन, झोंबी ही मंडळी आली कुठनं, म्हणजे त्यांच्या मागं खरोखर घडलेलं काय होतं. ही हॉरर टूर नाही हे नीट वाचून बुकिंग करा, आमच्यात एक जोडपं पांढऱ्या साडीतली बाई दिसणार म्हणून आलं होतं ते टेंबलाईवरनंच रिक्षा करून गेलं. माझ्यासोबत गडहिंग्लजची आत्या होती. तिला टूरचा विषय सांगितला तर म्हणाली, "भुताचा इतिहास आणि वेगळा काय बघायचाय रं, मेलेलं माणूस म्हणजे भूत, झालं की." पण आली, आणि बरं झालं आली, का ते पुढं लिहितो.

कसबा बीड. करवीर तालुक्यातलंच गाव पण आपल्यातले निम्मे लोक तिथं कधी गेलेले नसतात. शिलाहार राजांच्या काळातलं महत्त्वाचं ठिकाण, आणि गावात जिकडं बघाल तिकडं वीरगळ. वीरगळ म्हणजे लढाईत नाहीतर गुरं सोडवताना मेलेल्या माणसाचा दगड, त्यात खालच्या चौकटीत मारामारी, मधल्या चौकटीत अप्सरा त्याला उचलून नेतायत, वरच्या चौकटीत तो शंकराच्या पिंडीपुढं हात जोडून बसलाय आणि टोकाला चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर ह्याचं नाव राहणार. शेजारी सतीशिळा, त्यावर कोपरातनं वाकलेला बांगड्या भरलेला हात. हे सगळं फोटोत पाहिलेलं असतं, पण गाईड पोरीनं इथं जे सांगितलं ते मला फार पटलं. तिचं म्हणणं, दगड उभा केला तेव्हा गावाला त्या माणसाचं नाव माहीत होतं, घर माहीत होतं, पोरंबाळं माहीत होती. चार-सहा पिढ्या गेल्या, घराणं उठून गेलं नाहीतर बुडलं, नाव विसरलं आणि दगड तेवढा राहिला. मग कुणीतरी त्याला शेंदूर फासला, कुणी नारळ फोडला, कुणाच्या पोराला ताप आला तर "दगडाला पाय लागला असंल" म्हणून कोंबडं कापलं, आणि बघता बघता तो शिवेवरचा राखणदार झाला, कुठं म्हसोबा, कुठं वेताळ. आता गंमत बघा, गुरं राखताना मेलेला माणूस मेल्यावर पण राखणच करतोय. गोष्ट बदलली, नोकरी तीच ऱ्हायली.

सगळेच म्हसोबा-वेताळ असे वीरगळातनं आले असं नाही हे ती स्वतःच म्हणाली, आणि ह्याच गोष्टीसाठी मी सकाळला पूर्ण मार्क दिलेत. जिथं दगड समोर आहे तिथं बोलली, नाही तिथं थांबली.

कसबा बीडची दुसरी गोष्ट म्हणजे सोन्याचा पाऊस. इथं पावसाळ्यात शेतात सोन्याची बारीक बारीक नाणी सापडतात, त्यावरनं गावावर सोन्याचा पाऊस पडला होता अशी कथा आहे. नाणी खरी आहेत, पाऊस पण खरा आहे. जुनी वस्ती जमिनीखाली आहे, पाऊस झोडपला की वरची माती वाहून जाते आणि पिवळं काहीतरी चमकतं, एवढंच. चमत्काराची कथा अशी अर्ध्या मिनिटात उलगडून हातात देणारं दुसरं ठिकाण माझ्या बघण्यात नाही. आमच्यातले एक काका हे ऐकल्यावर बांधाबांधानं खाली मान घालून चालायला लागले, त्यांना सांगावं लागलं की जमिनीत सापडलेलं धन कलेक्टरला कळवावं लागतं, तसा कायदा १८७८ पासून आहे. काकांची मान वर आली.

बसमध्ये परत येताना म्हसोबावर बोलणं झालं ते दिवसातलं सगळ्यात वजनदार. कोसंबींचं म्हणणं तिनं सोप्या भाषेत सांगितलं, दामोदर धर्मानंद कोसंबी, गणितातला माणूस पण पुण्याच्या आसपास पायी फिरून देवांचा माग काढला आणि १९६२ मध्ये त्यावर पुस्तक काढलं. आपल्याकडं देवळात देवी महिषासुराला मारतीय, आणि त्याच मुलखात शेताच्या बांधावर तोच रेड्याचा देव म्हसोबा म्हणून शेंदूर लावून पुजला जातो. मारलेल्या राक्षसाची पूजा कशी काय? कोसंबी म्हणतात हे दोन वेगवेगळ्या माणसांचे देव, देवी रानातनं अन्न गोळा करणाऱ्यांची आणि म्हसोबा गुरं पाळणाऱ्यांचा. दोन टोळ्यांची भांडणं झाली तिथं देवीनं त्याला मारलं, आणि जिथं दोघं एकत्र नांदायला लागले तिथं देव-देवीचं लग्न लागलं. पुरंदर तालुक्यात वीर गावी म्हस्कोबा आणि जोगेश्वरीचं लग्न अजून दर माघात लागतं, यात्रा भरते, लाखभर माणूस जेवून जातं आणि ह्यातलं काही कुणाच्या डोक्यात नसतं. हा सिद्धांत आहे, शंभर टक्के सिद्ध झालेली गोष्ट नव्हे, पण निदान बांधावरचा दगड आणि माघातलं लग्न अशा दोन हात लावून बघता येणाऱ्या गोष्टींवर उभा आहे.

आता जेवण. "अस्सल कोल्हापुरी थाळी" असं लिहिलं होतं. पांढरा रस्सा पांढरा होता एवढं मान्य करतो. व्हेजवाल्यांना वांगं संपलं म्हणून बटाटा, बटाटा संपला म्हणून डाळ. कोल्हापुरात येऊन माणूस उपाशी उठतो म्हणजे विषय गंभीर आहे, बाहेरगावच्या लोकांसमोर लाज वाटली. त्यापेक्षा लोकांना तासभर सोडा की, ज्याला मिसळ पाहिजे तो मिसळ खाईल.

टाऊन हॉल म्युझियमबद्दल थोडक्यात. इथं पोसायडनची ब्राँझची छोटी मूर्ती आहे, ग्रीकांचा समुद्रदेव, आणि ती सापडली कुठं तर आपल्या पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडात. १९४५-४६ ला संकालिया आणि दीक्षित ह्या पुरातत्त्वज्ञांनी तिथं उत्खनन केलं, सातवाहनांच्या काळातली वस्ती निघाली, रोमशी व्यापार होता त्यातनं हा देव घाट चढून आला. कोल्हापूरला समुद्र नाही आणि समुद्रदेव मात्र आहे! मूर्तीपुढं अजून अर्धा तास दिला असता तरी चाललं असतं, पण गाईड मुलगा लगेच समुद्रातल्या प्राण्यांवर घसरला. जलपरी म्हणजे कोलंबसनं जानेवारी १४९३ ला पाहिलेल्या पाणगाई, ज्यांच्याबद्दल त्यानं लिहून ठेवलं की चित्रात दाखवतात तेवढ्या काही देखण्या नाहीत. क्राकेन हा गोष्टीतला समुद्रराक्षस म्हणजे महाकाय स्क्विड, १८५७ मध्ये डेन्मार्कच्या स्टीनस्ट्रुपनं त्याला शास्त्रीय नाव दिलं. युनिकॉर्नचं, म्हणजे गोष्टीतल्या एकशिंगी घोड्याचं, शिंग म्हणून राजेलोक सोनं मोजून घ्यायचे तो नारव्हाल माशासारख्या प्राण्याचा दात. चांगलं आहे, खरं आहे, पण म्युझियमच्या दारात उभं राहून मोबाईलवर फोटो दाखवत सांगितलं, आणि मागं ट्रॅफिक.

टेंबलाईवर मात्र माझं डोकं फिरलं. कथा आपल्याला लहानपणापासनं पाठ आहे, महालक्ष्मीनं कोल्हासुराला मारलं, मरताना त्यानं मागितलं की गावाला माझं नाव राहू दे, आणि अजून ललिता पंचमीला अंबाबाई त्र्यंबोलीच्या, म्हणजे टेंबलाईच्या, भेटीला टेकडीवर येते तेव्हा कोहळा फोडतात. कोहळा मिळवायला जी झुंबड उडते ती ज्यानं बघितली त्यानं बघितली. कथा छान सांगितली पोरानं. पण मग बेधडक म्हणाला की कोल्हासुर हा इथला हरलेला राजा होता, सगळे असुर म्हणजे हरवलेले मूळचे राजेच. मी विचारलं, "दादा, शिलालेख वगैरे काही? ताम्रपट?" तर म्हणतो, "लॉजिक आहे ना सर." अरे बाबा, सकाळी तुझीच मैत्रीण दगड दाखवून बोलत होती! जुन्या कथेच्या जागी पुराव्याशिवाय नवी कथा ठेवली तर तो इतिहास कसा झाला, पूर्वी अंबाबाईनं असुर मारला म्हणत होतो आता आर्यांनी राजा मारला म्हणणार, दोन्हीला कागद नाही. इथं कोसंबींसारखं काम करायला पाहिजे होतं, कोहळा का, पंचमीलाच का, मानकरी कोण, पालखी कुठल्या वाटेनं जाते, त्या वाटेवर काय काय लागतं. ते सगळं बाजूला ठेवून शॉर्टकट मारला.

संध्याकाळी वाड्यात आधी हाच आजार अजून थोडा चालला. ग्रिफिन म्हणजे सिंहाचं अंग आणि गरुडाचं डोकं असलेला प्राणी, तो म्हणे मंगोलियाच्या वाळवंटातल्या प्रोटोसेरॅटॉप्स डायनोसॉरच्या सांगाड्यावरनं आला. ऐकायला लई भारी, स्लाइड पण भारी, पण इजिप्त आणि इराणकडं ग्रिफिनची चित्रं त्याच्या कितीतरी आधीपासनं काढतायत, आणि २०२४ मध्ये ब्रिटनच्या पोर्ट्समथ विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी हा सिद्धांत मुद्देसूद खोडून काढलाय, ती हाडं जिथं निघतात तिथं सोनंच नाही आणि कथेत तर ग्रिफिन सोन्याची राखण करतोय. एकाक्ष राक्षसाचं पण तसंच, सिसिलीत बुटक्या हत्तींच्या कवट्या निघतात, मधोमध सोंडेचं भोक असतं ते डोळ्यासारखं दिसतं, १९१४ मध्ये आबेल नावाच्या शास्त्रज्ञानं हे सुचवलं, पण जुन्या ग्रीकांपैकी कुणीही असली कवटी बघून एकाक्ष म्हटल्याचं लिहिलेलं नाही. ह्याउलट ऑस्ट्रियातल्या क्लागेनफुर्टचं उदाहरण घ्या, तिथं १३३५ मध्ये एक भलीमोठी कवटी सापडली, ड्रॅगनचीच म्हणून गावानं जपून ठेवली, आणि १५९० च्या सुमाराला चौकात ड्रॅगनचा पुतळा केला तेव्हा डोकं ह्या कवटीवरनं घेतलं. कवटी निघाली हिमयुगातल्या केसाळ गेंड्याची. इथं कवटी आहे, पुतळा आहे, साल आहे, ठिपके जोडायला जागा आहे. हे उदाहरण त्यांनी वीस सेकंदात उरकलं आणि ग्रिफिनला दहा मिनिटं दिली!

आणि मग व्हॅम्पायर. सकाळचीच पोरगी उठली आणि पाऊण तास सोप्यात कुणी मोबाईल काढला नाही, आत्यानं पान लावायचं थांबवलं ह्यातच समजा.

१७१८ च्या तहात सर्बियाचा उत्तरेकडचा भाग ऑस्ट्रियाच्या ताब्यात आला. म्हणजे खेड्यातली जुनी भीती तशीच, पण आता वर कागद लिहिणारं सरकार बसलं. १७२५ मध्ये किसिल्येवो गावात पेतार ब्लागोयेविच नावाचा माणूस मेला, त्यानंतर आठ दिवसात नऊ माणसं मेली, मरताना म्हणाली पेतार रात्री येऊन गळा दाबतो. गाव सरकारी अधिकाऱ्याकडं गेलं, थडगं उघडायची परवानगी द्या नाहीतर आम्ही गाव सोडतो. अधिकारी पाद्रीला घेऊन गेला, उघडलं तर प्रेत फारसं सडलेलं नाही, नखं-कातडी नवी आल्यासारखी, तोंडात ताजं रक्त. लोकांनी छातीत सुळा ठोकला, जाळून टाकलं. अधिकाऱ्यानं रिपोर्ट लिहिला, आणि शेवटी काय लिहिलं माहितीय का, ह्यात काही चूक झाली असेल तर ती माझी धरू नये, भीतीनं बेभान झालेल्या जमावाची धरावी. तीनशे वर्षं झाली, सरकारी भाषा आहे तशी आहे. हा रिपोर्ट व्हिएन्नाच्या पेपरात छापून आला. मग १७३२ च्या जानेवारीत मेदवेजा गावात अशीच साथ, ह्या वेळी लष्कराचा सर्जन फ्ल्युकिंगर गेला, प्रेतं उघडून एकेकाचं वय, कधी मेला, आत काय दिसलं सगळं लिहिलं, सह्या केल्या. त्या कागदावरनं युरोपभर पेपरात, पुस्तकात, विद्यापीठात व्हॅम्पायर झाला. म्हणजे व्हॅम्पायर जगात पसरला तो सरकारी पंचनाम्यातनं!

बरं पंचनामा खोटा पण नव्हता. जे दिसलं तेच लिहिलंय. थंडीत पुरलेलं प्रेत हळू सडतं. पोटात वायू धरतो, अंग फुगतं, म्हणून "मेल्यावर जाडजूड झाला". तोच वायू आतला काळपट लाल द्रव तोंडा-नाकाकडं ढकलतो, म्हणून "रक्त प्यायलंय". वरची कातडी सुटते, खाली गुलाबी दिसते, जुनी नखं गळतात, म्हणून "नवी आली". सुळा ठोकला की वायू निघतो, आवाज होतो, म्हणून "ओरडला". आणि एकापाठोपाठ एक माणसं मरत होती ती कुठल्यातरी साथीनं, पहिला जो गेला त्याच्यावर आळ. शेवटी १७५५ मध्ये मारिया थेरेसा राणीनं आपला डॉक्टर फान स्वीटेन ह्याला कामाला लावलं, त्यानं हे सगळं अज्ञान आहे असं लिहून दिलं आणि थडगी उघडण्यावर बंदी आली. मला तर वाटलं आख्खी टूर फक्त ह्यावर केली तरी लोक येतील. तरी एक टोचणी: प्रश्नोत्तरात त्या मघाच्याच पोरानं पॉर्फिरिया नावाच्या आजाराचं सांगितलं, उन्हाचा त्रास होतो म्हणून व्हॅम्पायर. अहो, सर्बियातल्या त्या रिपोर्टात ऊन आहे कुठं? ऊन लागलं की व्हॅम्पायर मरतो हे १९२२ च्या एका जर्मन मूकपटातनं आलंय. खेड्यातल्या लोकांनी आजारी जिवंत माणूस धरला नव्हता, प्रेतं उकरली होती.

झोंबीचा भाग छोटा पण मनाला लागणारा. हैतीत फ्रेंचांचे उसाचे मळे, आफ्रिकेतनं पकडून आणलेले गुलाम मरेपर्यंत राबवायचे. त्यांची श्रद्धा अशी की मेल्यावर तरी आत्मा आपल्या मुलखात परत जातो. झोंबी म्हणजे ज्याला ते पण मिळत नाही, मेल्यावरही मालकासाठी राबतोय. १७९१ ला उठाव, १८०४ ला देश स्वतंत्र, पण ती भीती राहिली. पुढं १९१५ ते १९३४ अमेरिकेचं सैन्य तिथं होतं, त्या काळात ही गोष्ट अमेरिकेत गेली आणि नंतर सिनेमावाल्यांनी गुलामाचा माणसं खाणारा राक्षस केला. उसाच्या पट्ट्यातले लोक आम्ही, सोप्यात जरा शांतता झाली.

शेवटी आपल्याकडची भुतं घेतली, मरीआई आणि पटकी म्हणजे कॉलरा, १८१७ ला बंगालमधल्या जेसोरकडनं उठलेली साथ वर्षभरात मुंबई इलाख्यात पोचली, गावोगाव मरीआईचा गाडा ओढून शिवेपार नेऊन सोडायचे, आणि साथ खरंच गावागावातनं पुढं सरकायची त्यामुळं गाडा ढकलला म्हणजे पलीकडच्या गावाला पाठवला अशी भांडणं. मग हडळ आली आणि आत्यानं ताबा घेतला. गाईडला म्हणाली, "बाळ, तू सांगतीस ते बरोबर, पण बाळंतपणात गेलेल्या बाईला नेताना वाटंवर राळं टाकत जायचं, ते सांगितलं नाहीस. ती परत यायला निघाली तर एकेक दाणा वेचत बसती, तवर कोंबडं आरवतं." पोरगी दोन सेकंद गप्प, मग म्हणाली, "आज्जी, पूर्व युरोपात व्हॅम्पायरच्या थडग्यावर पण दाणे टाकतात, मोजत बसावा म्हणून." वही काढून लिहून घेतलं तिनं. बाळंतपणात बायका किती जायच्या ह्याचा ह्या भुताशी सरळ संबंध आहे, व्हिएन्नात झेमेलवाइस नावाच्या डॉक्टरनं १८४७ मध्ये डॉक्टरांना हात धुवायला लावले तेव्हा बाळंतरोगाचे मृत्यू एकदम खाली आले, पण आत्याच्या लहानपणी गावात सुईण आणि विळा, त्यामुळं प्रत्येक गावाला आपापली हडळ होती. आत्यानं दोघींची नावं घेतली. भुतांची नव्हेत, बायकांची, कुणाची सून, कितवं बाळंतपण ते सगळं. ह्याचं रेकॉर्डिंग व्हायला पाहिजे होतं, टूरवाल्यांनी म्हाताऱ्या माणसांना अर्धं तिकीट करून मुद्दाम बोलवावं.

बाकी तक्रारी भराभरा: माईक दर पाच मिनिटाला शिट्टी मारतो. स्लाइड शोच्या मागं हॉररचं म्युझिक लावलं होतं ते कृपा करून बंद करा, विषयाला त्याची गरज नाही. वाड्यात स्वच्छतागृह एकच. ९ ला संपणार होतं ते पावणेअकराला संपलं, सुटल्यावर रिक्षा मिळेना. दहा वर्षांखालच्या पोरांना नेऊ नका, प्रेताचं वर्णन सविस्तर आहे.

पावसाळ्यात जाणार असाल तर कसबा बीडला चिखल असतो, बूट नको, चप्पल घाला. दुपारचं जेवण नको म्हणून आधी कळवलं तर १०० रुपये कमी करतात, ते नक्की करा. आणि सकाळी त्या पोरीच्या मिनीबसमध्ये बसा, दोनातली पांढरी तिची.